हायब्रिड गाडीमागे छोटा कॅम्पर: ताकद पुरते, मग अडतं कुठे?

हायब्रिड गाडीला छोटा कॅम्पिंग ट्रेलर जोडावा का, यावर दोन ठाम मतं ऐकू येतात. एक म्हणजे, हायब्रिड ही शहरात पेट्रोल वाचवणारी नाजूक गाडी. तिच्यामागे काही बांधलं की बॅटरी आणि गिअरबॉक्स दोन्हींची वाट लागणार. दुसरं म्हणजे, इलेक्ट्रिक मोटर पहिल्या क्षणापासून पूर्ण जोर लावते, तेव्हा ओढकामाला याहून चांगली गाडी नाही. दोन्हींत थोडं तथ्य आहे, आणि दोन्ही एकाच जागी चुकतात. दोघांचीही नजर जोर किती आहे एवढ्यावरच. तो किती वेळ टिकतो आणि तो लावताना तयार झालेली उष्णता जाते कुठे, हे कोणी विचारत नाही. ट्रेलर ओढताना खरी मेख तिथे आहे.

आकडे घेऊनच बोलू. समजा गाडी माणसं-सामानासकट १७०० किलोची आणि मागचा कॅम्पर भरल्यावर ७०० किलोचा. एकूण २४०० किलो. सपाट रस्त्यावर ताशी ८० किमीने ही जोडी चालवायला टायरांचं घर्षण आणि वारा मिळून साधारण १७ किलोवॅट लागतात. पुढे सहा टक्क्यांचा चढ आला, म्हणजे दर १०० मीटरला ६ मीटर वर. त्याच वेगाने तो चढायचा तर आणखी ३१ किलोवॅट हवेत. झाले ४८. २०१९ ते २०२५ च्या पिढीतल्या टोयोटा रॅव्ह-४ हायब्रिडसारख्या अडीच लिटरच्या गाडीचं एकटं इंजिनच सुमारे १३० किलोवॅट देतं. उंचावरच्या विरळ हवेत टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद दर हजार मीटरला साधारण दहा टक्क्यांनी घटते, तरी कागदावर काहीच अडायला नको. मग याच गाडीला अमेरिकेत फक्त ७९४ किलोच ओढा असं का सांगतात?

उत्तराचा पहिला भाग बॅटरीत आहे.

वीजबिलावरचं एक युनिट म्हणजे एक किलोवॅट-तास. चार्जरला न जोडता येणाऱ्या साध्या हायब्रिडची बॅटरी बहुतेक वेळा एक ते दीड युनिटची असते. तीही पूर्ण रिकामी किंवा पूर्ण भरलेली कधीच नसते; आयुष्य टिकावं म्हणून गाडीचा कॉम्प्युटर तिला मधल्या पट्ट्यातच खेळवतो. हाताशी राहतं अर्धं-पाऊण युनिट. आता आपली २४०० किलोची जोडी नुसती १०० मीटर उंच न्यायला लागतं ०.६५ युनिट. सहा टक्क्यांच्या चढावर १०० मीटर उंची पावणेदोन किलोमीटरच्या आत गाठली जाते. इंजिन हा पगार धरला, तर ही बॅटरी म्हणजे खिशातली सुटी नाणी. रोजच्या किरकोळ खर्चाला फार सोयीची, पण घरभाडं त्यातून निघत नाही.

सिग्नलवरून सुटताना, ओव्हरटेक करताना, छोट्याशा टेकाडावर ही बॅटरी मोटरला जोर देते आणि पुढच्या उतारावर किंवा ब्रेकवर परत भरून घेते. लांब घाटात परत भरायची संधीच येत नाही. चार्ज खालच्या रेषेला टेकला की कॉम्प्युटर मोटरची मदत आखडती घेतो. जाहिरातीतली ‘एकत्रित ताकद’ तिथे संपते. रॅव्ह-४ च्या चारही चाकं चालवणाऱ्या हायब्रिडमध्ये ती १६३ किलोवॅट सांगितली जाते. बॅटरी थकल्यावर मागे उरतं ते इंजिनाचं १३१. आपल्या ४८ च्या हिशेबाला तेही पुष्कळ आहे. पण ओढणारी गाडी निवडताना नजर त्या दुसऱ्या आकड्यावर ठेवावी, पहिल्यावर नव्हे.

इंजिनाचाही एक स्वभाव इथे कळायला हवा. बहुतेक हायब्रिडमध्ये अ‍ॅटकिन्सन पद्धतीचं इंजिन असतं. त्यात आत घेतलेल्या हवेचा काही भाग झडप उशिरा बंद करून बाहेर ढकलला जातो, त्यामुळे प्रत्येक थेंबातून जास्त काम निघतं, पण कमी आरपीएमवर जोर कमी मिळतो. एरवी ही उणीव मोटर भरून काढते. मोटरची मदत आटली की इंजिनाला आरपीएम वाढवूनच ताकद काढावी लागते. म्हणून ट्रेलर घेऊन घाट चढताना हायब्रिड एकसुरी, चढ्या आवाजात ओरडते आणि वेग मात्र वाढत नाही. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटतं काहीतरी तुटलं. तुटलेलं काही नसतं. पाय थोडा सैल सोडून ६०-७० च्या वेगाला गाडी स्थिर होऊ द्यायची, एवढंच.

जोर कोणत्या वाटेने चाकापर्यंत जातो

सगळ्या हायब्रिड आतून सारख्या नसतात, आणि ओढकामात हा फरक बॅटरीपेक्षाही मोठा ठरतो.

१९९७ साली जपानमध्ये आलेल्या टोयोटा प्रियसने जी रचना रूढ केली, तिच्यात नेहमीचा गिअरबॉक्स नाही. मधोमध एक ग्रहमाला गिअर असतो. त्याच्या तीन भागांपैकी एकाला इंजिन, दुसऱ्याला म्हणजे मधल्या चाकाला जनरेटर, आणि तिसऱ्याला म्हणजे बाहेरच्या कड्याला गाडीची चाकं व मुख्य मोटर जोडलेली. प्रियसच्या सुरुवातीच्या पिढ्यांत बाहेरच्या कड्याला ७८ दाते आणि मधल्या चाकाला ३० दाते होते. त्या प्रमाणामुळे इंजिनाचा ७२ टक्के टॉर्क, म्हणजे फिरवणारा जोर, सरळ चाकांकडे जातो आणि २८ टक्के जनरेटरकडे. जनरेटर त्याची वीज करतो, ती वीज इन्व्हर्टरमधून मुख्य मोटरला मिळते आणि मोटर चाकं फिरवते. म्हणजे इंजिनाच्या कामाचा एक भाग दाताला दात लावून जातो आणि दुसरा विजेचा वळसा घेऊन.

हे झालं टॉर्कचं. शक्तीचा हिशेब वेगळा लागतो, कारण शक्ती म्हणजे टॉर्क गुणिले फिरण्याचा वेग. गाडी जवळजवळ थांबलेली आणि इंजिन जोरात फिरतंय, अशा वेळी जनरेटर भयंकर वेगाने फिरतो आणि इंजिनाची जवळपास सगळी शक्ती त्या विजेच्या वाटेनेच जाते. त्या वाटेवर प्रत्येक टप्प्याला थोडी गळती आहे, आणि गळती म्हणजे उष्णता. यातून एक अनपेक्षित गोष्ट निघते: अशा गाडीला सर्वांत जास्त छळतो तो तीव्र चढावरचा मुंगीच्या पावलांचा ट्रॅफिक. त्यापेक्षा मध्यम वेगाने सलग चढणं तिला सोपं. चढावर थांबायची वेळ आली तर अ‍ॅक्सिलरेटरवर पाय ठेवून गाडी अधांतरी तोलून धरू नये. मोटर न फिरता करंट घेत राहते आणि इन्व्हर्टर तापतो. सरळ ब्रेक दाबावा. या प्रणाली फार तापल्या की स्वतःच ताकद कमी करून समोर इशारा दाखवतात. तो दिसला तर सुरक्षित जागी गाडी बाजूला घेऊन तिला निवू द्यावं, आणि मॅन्युअलात सांगितलं नसेल तर लगेच बंद करू नये, कारण कूलंटचा पंप आणि पंखे चालू राहायला हवेत.

याच रचनेचा आणखी एक गुण फारसा कोणाला ठाऊक नसतो, आणि कॅम्पसाइटवर पोचल्यावर तोच आडवा येतो. रिव्हर्स! या गाड्यांत रिव्हर्सचा वेगळा गिअरच नसतो. मुख्य मोटर उलटी फिरवली की गाडी मागे जाते. इंजिन चालू असलं तरी त्याचा टॉर्क कड्यावर पुढच्याच दिशेने लागतो, म्हणजे मदत तर सोडाच, ते थोडं आड येतं. घाट चढून बॅटरी रिकावलेली, जागा चढावर, जमीन ओली आणि ट्रेलर मागे ढकलत वर न्यायचा, असा योग आला तर गाडी अगदी केविलवाणी वाटते. ट्रेलर शक्यतो उताराकडे ढकलत जागेवर लावावा, किंवा आधी थोडा वेळ गाडी ‘रेडी’मध्ये, म्हणजे चालू ठेवून पण उभी, ठेवून बॅटरीत चार कांड्या भरू द्याव्यात.

होंडाची रचना निराळी. तिथे कमी आणि मध्यम वेगाला इंजिन फक्त जनरेटर चालवतं, चाकं मोटर फिरवते. हायवेच्या वेगाला क्लच लागून इंजिन थेट चाकांना जोडलं जातं. चालवायला अतिशय मऊ गाडी, पण घाटात सगळा भार मोटर आणि इन्व्हर्टरवर. अमेरिकेत २०२३ च्या सीआर-व्हीला पेट्रोल आवृत्तीत ६८० किलो ओढायची परवानगी आहे आणि हायब्रिडला ४५४, ती उगीच नाही.

तिसरा प्रकार समांतर हायब्रिडचा. इंजिन, त्याला चिकटून मोटर आणि मागे नेहमीचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. ह्युंदाई आणि किया यांच्या बऱ्याच हायब्रिड अशा आहेत. इंजिनाचा सगळा जोर गिअरमधून सरळ चाकापर्यंत जातो, मोटर वरून हात लावते. याचं टोकाचं उदाहरण म्हणजे फोर्डचा एफ-१५० पॉवरबूस्ट पिकअप. बॅटरी फक्त दीड युनिटची, मोटर ३५ किलोवॅटची, आणि २०२१ मध्ये आला तेव्हा ओढायची कमाल मर्यादा सुमारे ५७६० किलो! बॅटरी लहान म्हणून हायब्रिड ओढकामाला निकामी, असं म्हणणाऱ्यांना हे एक उदाहरण पुरेसं आहे. तिथे ओझं पेलतात ते साडेतीन लिटरचं टर्बो व्ही-६ इंजिन, दहा गिअर, भक्कम चासी आणि मोठे कूलर.

कंपनीचा आकडा वाचायचा कसा

‘इतके किलो ओढता येतात’ हा आकडा इंजिनाच्या ताकदीवरून काढलेला नसतो. त्यात ब्रेक, मागचं सस्पेन्शन, ट्रेलर जोडायचा हिच चासीला जिथे बसतो तिथली मजबुती, कूलिंग आणि स्थैर्य सगळं आलं. शिवाय तो देशागणिक बदलतो. तीच रॅव्ह-४ हायब्रिड युरोपात चारही चाकं चालणारी असेल तर १६५० किलो ओढू शकते आणि फक्त पुढची चाकं चालणारी असेल तर ८००. अमेरिकेत मात्र ७९४. गाडी तीच, आकडा दुप्पट! कारण चाचणी आणि वापर, दोन्ही वेगळे. युरोपच्या नियमात पूर्ण भारानिशी १२ टक्के चढावर पाच मिनिटांत पाच वेळा गाडी उठवून दाखवावी लागते. अमेरिकेतल्या ‘एसएई जे२८०७’ या प्रमाण चाचणीत अ‍ॅरिझोनातला डेव्हिस डॅमचा चढ येतो: सुमारे १८ किमी, जवळजवळ ९०० मीटर उंची, भर उन्हाळ्याची हवा आणि एसी पूर्ण चालू. त्यात युरोपात ट्रेलरसह वेगमर्यादा कमी असतात. जर्मनीत साधारणपणे ताशी ८० किमी. एका खंडातला आकडा वाचून दुसऱ्या खंडात ट्रेलर खरेदी करणं म्हणूनच धोक्याचं. आपल्या देशातल्या, आपल्या वर्षाच्या, आपल्या आवृत्तीच्या मॅन्युअलमधला आकडा तेवढा खरा. तिथे ‘ओढण्यास योग्य नाही’ असं लिहिलं असेल, आणि काही हायब्रिडना तसं लिहिलेलं असतं, तर वादाला जागा नाही: वॉरंटी, विमा आणि अपघातानंतरची जबाबदारी यांचा निकाल त्या एका ओळीवर लागू शकतो. बाजारात त्या गाडीसाठी हिच मिळतो, हा पुरावा नव्हे. पुष्कळ हिच सायकलचं स्टँड लावायला विकले जातात, आणि हिचवर कोरलेला ९०० किलोसारखा आकडा हिचच्या लोखंडाचा असतो, गाडीचा नाही.

एका गोष्टीकडे हमखास दुर्लक्ष होतं: हिचच्या गोळ्यावर वरून खाली पडणारा भार. अमेरिकेत तो ट्रेलरच्या वजनाच्या १० ते १५ टक्के असावा म्हणतात, युरोपात साधारण ४ ते ७ टक्के, आणि गाडीची स्वतःची कमाल मर्यादाही पाळायची. हा भार गाडीतल्या सामानात मोजला जातो. हायब्रिड मुळातच मोटरी आणि बॅटरीमुळे जड, त्यामुळे तिला माणसं-सामान घ्यायची परवानगी बऱ्याचदा साध्या आवृत्तीपेक्षा कमी असते. चार मोठी माणसं, भरलेली डिकी, छतावर पेटी आणि गोळ्यावर ७० किलो, असं करताना ट्रेलर मर्यादेत असूनही गाडीच मर्यादेबाहेर गेलेली असते.

शिवाय गोळा मागच्या चाकांच्या मागे असल्यामुळे तिथे तरफेचा नियम लागतो. गोळा मागच्या अ‍ॅक्सलपासून एक मीटर मागे आणि पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर २.७ मीटर धरलं, तर ७० किलोच्या भाराने मागच्या चाकांवर ९६ किलो वाढतात आणि पुढच्या चाकांवरून २६ किलो उचलले जातात. पुढची चाकं चालवणाऱ्या गाडीला ओल्या गवतावर नेमके तेच २६ किलो हवे असतात.

मग भार कमीच ठेवावा का? तसंही नाही. गोळ्यावर भार फार कमी पडला की ट्रेलर वेगात डावी-उजवीकडे डुलू लागतो, आणि हे डुलणं आपोआप वाढत जातं. जड वस्तू ट्रेलरच्या अ‍ॅक्सलवर किंवा किंचित पुढे, खाली जमिनीलगत ठेवाव्यात. मागच्या टोकाला सायकली टांगणं हा घोटाळा करण्याचा खात्रीचा मार्ग. पाण्याची टाकी कुठे आहे तेही बघावं. ५० लिटर म्हणजे ५० किलो, आणि टाकी अ‍ॅक्सलच्या मागे असेल तर ती भरल्यावर गोळ्यावरचा भार घटतो. डुलणं सुरू झालंच तर स्टिअरिंग सरळ धरून पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून काढावा. स्टिअरिंगने त्याला सावरायला जाऊ नये आणि वेग वाढवून बाहेर पडू म्हणू नये.

उतार

चढ चढवला म्हणजे जिंकलो असं वाटतं, पण खरी परीक्षा उताराची.

आपलीच २४०० किलोची जोडी सहा टक्के उताराने दहा किलोमीटर खाली आणायची, म्हणजे ६०० मीटर उंची उतरायची. त्या उंचीतून सुमारे ३.९ युनिट ऊर्जा सुटते. ताशी ५० च्या वेगाने उतरलं तर टायर आणि वारा मिळून १.२ युनिट खातात. उरले २.७. बॅटरीत मावेल अर्धं-पाऊण युनिट. राहिलेली जवळपास दोन युनिटं उष्णता होऊन कुठून तरी बाहेर पडायलाच हवीत.

सुरुवातीचे दोन-तीन किलोमीटर सगळं छान वाटतं. ब्रेकला पाय लावला की मोटर जनरेटर होऊन गाडी धरते, चार्जच्या कांड्या वर चढतात, ब्रेकच्या डिस्क गार राहतात. मग बॅटरी भरते. त्याच पेडलवर, तेवढाच पाय ठेवून, काम मोटरकडून चाकाच्या डिस्ककडे जातं, आणि हा बदल इतका सफाईदार असतो की पायाला कळत नाही. चालकाला वाटत राहतं की मोटर धरतेय, आणि इकडे डिस्क तापत असतात. म्हणून उतारावर चार्जच्या मीटरवर नजर हवी. टोयोटाच्या बऱ्याच गाड्यांत ‘बी’ अशी जागा असते. ती लावली की जनरेटर इंजिनाला पेट्रोलशिवाय फिरवतो आणि इंजिनाच्या विरोधात ऊर्जा खर्च होते. बॅटरी भरल्यावर गाडी हे स्वतःहूनही करते. उतारावर अचानक इंजिन घोंघावू लागलं तर कारण हेच. सपाटीला ‘बी’ लावून हिंडण्यात मात्र अर्थ नाही, त्यात ब्रेकमधून परत मिळणारी वीज वाया जाते. उतार सुरू होण्याआधीच वेग कमी करणं हा सर्वांत स्वस्त उपाय, कारण तीव्र उतारावर वाढलेला वेग परत कमी करायचा खर्चही ब्रेकच्याच माथी पडतो.

चार्जरला जोडता येणाऱ्या प्लग-इन हायब्रिडची बॅटरी दहा-पंधरा युनिटची, त्यामुळे उतारावर तिला बरीच जागा असते. एका परिस्थितीत ती जागाही नसते: मुक्काम डोंगरमाथ्यावर, रात्रभर चार्जिंग लावलं, सकाळी १०० टक्के भरलेली गाडी घेऊन थेट उताराला लागलो. मोटरने धरलेली वीज ठेवायला जागाच नाही, पहिल्या वळणापासून सगळा भार डिस्कवर. माथ्यावर चार्जिंग ७०-८० टक्क्यांना थांबवावं. चढताना उलटं करावं: सपाटीवरच बॅटरी संपवून घाटाच्या पायथ्याशी पोचण्यापेक्षा ‘होल्ड’ किंवा ‘सेव्ह’ मोड लावून ती घाटासाठी राखावी.

ट्रेलरला स्वतःचे ब्रेक असावेत का? युरोपात ७५० किलोपर्यंतच्या ट्रेलरला ते सक्तीचे नाहीत, पण मला विचाराल तर घाटात जायचं असेल तर ५०० किलोच्या पुढे ब्रेकवालाच ट्रेलर घ्यावा. युरोपात धक्क्यावर चालणारे ब्रेक असतात: गाडी मंदावली की ट्रेलर हिचवर रेटतो आणि त्या रेट्याने त्याचे ब्रेक लागतात. हायब्रिडने मोटरने वेग कमी केला तरी रेटा तोच, म्हणून ते नीट चालतात; फक्त लांब उतारावर सतत हलके लागून राहिल्याने तेही तापतात. अमेरिकेतले बहुतेक ट्रेलर विजेच्या ब्रेकचे, आणि गाडीतला कंट्रोलर ब्रेक लाइटच्या इशाऱ्यावर जागा होतो. नुसता पाय काढून मोटरने गाडी मंदावली आणि ब्रेक लाइट लागलाच नाही, तर ट्रेलरला काही कळत नाही. उतारावर अधूनमधून पेडल ठामपणे दाबावं, त्याने दोन्हींचे ब्रेक एकत्र काम करतात.

तारा, पंखा आणि गादी

ट्रेलरच्या दिव्यांची वायरिंग कधीही गाडीच्या दिव्यांच्या तारा कापून करू नये. आजच्या गाड्या बल्बचा करंट मोजतात, जास्तीचा भार दिसला की तक्रार करतात. त्या मॉडेलसाठीचा मॉड्यूल मिळतो. तो इशारा गाडीच्या दिव्यांकडून घेतो आणि वीज फ्यूज लावून थेट १२ व्होल्ट बॅटरीतून. हायब्रिडची ही बॅटरी बऱ्याचदा छोटी असते, कारण पुष्कळ मॉडेलमध्ये तिला इंजिन सुरू करायचं काम नसतं. तिला चार्ज करायला अल्टरनेटर नसून मोठ्या बॅटरीवरून चालणारा कन्व्हर्टर असतो. ट्रेलरमधला फ्रिज आणि बॅटरी यावरच टाकायच्या असतील तर मध्ये डीसी-टू-डीसी चार्जर घालणं उत्तम. गाडीखालच्या नारिंगी जाड तारा शेकडो व्होल्टच्या आहेत. हिचसाठी ड्रिल धरणाऱ्याला त्यांचा मार्ग माहीत असल्याशिवाय भोक पाडू देऊ नये.

आणि हे कॅम्पिंगला जाणाऱ्यांसाठी खास: बऱ्याच हायब्रिडमध्ये मोठी बॅटरी मागच्या सीटखाली असते आणि तिला गार करणारा पंखा आतली हवा सीटच्या कडेच्या जाळीतून ओढतो. मागे गाद्या, पांघरुणं, झोपायच्या पिशव्या कोंबल्या की ती जाळी झाकली जाते. नेमक्या त्याच दिवशी, जेव्हा बॅटरी सर्वांत जास्त तापणार असते. जाळी कुठे आहे ते मॅन्युअलमध्ये पाहून घ्यावं, तिच्यासमोर हातभर जागा मोकळी ठेवावी आणि तिचा फिल्टर निघण्याआधी साफ करावा. कुत्रा बरोबर असेल तर केसांनी तो किती भरतो ते बघण्यासारखं असतं.

वाऱ्याबद्दल एकच हिशेब. हवेचा रोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी ९० वरून ११० वर गेलं की रोध जवळजवळ दीडपट होतो आणि त्यासाठी लागणारी शक्ती १.८ पट. गाडीच्या सावलीत लपणारा बुटका, गोल पाठीचा कॅम्पर आणि तेवढ्याच वजनाची उभी पेटी यांत हायवेवर जमीन-अस्मानाचा फरक पडतो, म्हणून ट्रेलर निवडताना वजनाइतकीच उंची बघावी. पेट्रोलचा खर्च दीडपट ते दुप्पट होईल असं धरून चालावं. नवी गाडी असेल तर पहिले ८०० किमी ओढकाम करू नये असं टोयोटाची मॅन्युअल सांगतात, आणि ऑइल-सर्व्हिसचं वेळापत्रकही ओढकामासाठी वेगळं, जास्त कडक असतं.

एवढं सगळं करून मुक्कामावर पोचलं की हायब्रिड तिची परतफेड करते. गाडी ‘रेडी’मध्ये ठेवली की मोठ्या बॅटरीवर एसी आणि दिवे चालतात, चार्ज खाली आला की इंजिन आपणहून काही मिनिटं चालतं आणि परत गप्प होतं. काही गाड्यांत घरगुती प्लगची सोयही मिळते. जपानमधल्या बऱ्याच हायब्रिडना १५०० वॅटपर्यंत, पॉवरबूस्टला ७.२ किलोवॅटपर्यंत. फक्त इंजिन केव्हा सुरू होईल हे आपल्या हातात नसतं आणि ते सुरू झालं की धुरातून कार्बन मोनॉक्साइड बाहेर पडतो. गाडी तंबूला किंवा कॅम्परच्या ओसरीला चिकटवून, सायलेन्सर कापडाखाली घेऊन, बंदिस्त शेडमध्ये असं कधीही चालू ठेवू नये. सायलेन्सर वारा जिकडे वाहून जातो त्या बाजूला, कॅम्परच्या खिडक्यांपासून लांब, आणि आत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावलेला असावा.